ई-टाइप जॅग्वार: कारखान्याची वही आणि समोर उभी असलेली गाडी

मिडलँडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज सल्ला हवा म्हणून लिहितोय.

कॉव्हेन्ट्रीच्या आसपास राहतो. एक ई-टाइप (जॅग्वारची साठच्या दशकातली स्पोर्ट्स कार) विकायला आली आहे: सिरीज १ म्हणजे पहिल्या मालिकेतली, ४.२ लिटर, बंद टपाची कूपे. विकणाऱ्याच्या जाहिरातीत लिहिलंय, '१९६७ची गाडी, मूळ लाल रंग, मॅचिंग नंबर, जन्मापासून कॅलिफोर्नियात, गंज नाही.' (मॅचिंग नंबर म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स वगैरेंवरचे नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळणारे.) गाडी अमेरिकेतून परत आली आहे आणि स्टिअरिंग आता उजवीकडे आहे.

सोबत जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स मिळाली. त्यावर असं आहे:

चासी नंबर १ई३ पासून सुरू होणारा (पुढचे आकडे इथे देत नाही). इंजिन नंबर ७ई पासून, शेवटी -९. गिअरबॉक्स ईजे. डावं स्टिअरिंग. उत्पादन १९६६चा वसंत. रंग ओपलेसंट सिल्व्हर ग्रे, आतलं चामडं लाल. वितरक जॅग्वार कार्स, न्यूयॉर्क.

म्हणजे वर्ष वेगळं, रंग वेगळा, गाव वेगळं. विकणारा माणूस शांत आहे, म्हणतो 'कागद आहे ना, मग झालं तर.' नक्की काय झालं?

टप्पाड्रायव्हर

धागा बुकमार्क केला. गाडी घ्यायची ऐपत नाही, वाचायची आहे.

स्पॅनरमास्तर

मिडलँडकर, पहिली गोष्ट. हे प्रमाणपत्र गाडी तपासून दिलेलं नसतं. ब्राउन्स लेनच्या कारखान्यात प्रत्येक गाडीची नोंद वहीत व्हायची. १९८३ साली ट्रस्ट स्थापन झाला, आणि आता त्या नोंदी बघून प्रमाणपत्र देतो. त्या दिवशी कारखान्यातून काय बाहेर पडलं, एवढंच ते सांगतं. साठ वर्षांनी तुमच्यासमोर काय उभं आहे हे ट्रस्टच्या माणसाने पाहिलेलं नाही. त्यामुळे 'कागद आहे' हे अर्धंच वाक्य झालं. कागदावरचे आकडे लोखंडावर आहेत का, ते सांगा.

आता तुमच्या तीन विसंगती.

वर्षाचा घोळ सर्वात साधा. अमेरिकेत गाडी शोरूममधून विकली गेली त्या वर्षाची म्हणून नोंदवायची पद्धत अनेक राज्यांत होती. १९६६ साली बनलेली गाडी जहाजाने गेली, गोदामात राहिली, पुढच्या वर्षी विकली गेली, की कागदावर १९६७. यात लबाडी नाही. पण पैसे १९६६च्या गाडीचे द्यायचे. म्हणजे सारखेच द्यावे लागतील, दोन्ही सिरीज १ आहेत; निदान जाहिरात तरी दुरुस्त करायला लावा.

स्टिअरिंगचं उत्तर चासी नंबरातच आहे. ४.२च्या कूपेत उजव्या स्टिअरिंगचे नंबर १ई२०००१ पासून सुरू होतात, डाव्याचे १ई३०००१ पासून. उघड्या गाड्यांत उजवं १ई१००१ पासून, डावं १ई१०००१ पासून. तुमचा नंबर १ई३ म्हणजे ती जन्माने डावीच. इंग्लंडात परत आलेल्या कितीतरी गाड्या अशा बदललेल्या आहेत, काम नीट झालं असेल तर चालवायला काही वाईट नाही. फक्त तिला मूळची उजवी गाडी म्हणून विकता येत नाही.

रंगावर नंतर लिहितो, गॅरेजात माणूस आलाय.

बाणेरची_बाई

न्यूयॉर्कवरून एक. 'जन्मापासून कॅलिफोर्निया' हे वाक्य गंजाच्या भीतीवर उतारा म्हणून टाकलेलं असतं, कारण तिकडची हवा कोरडी. ईशान्य अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. वही न्यूयॉर्क म्हणत असेल तर गाडीचे पहिले हिवाळे कुठे गेले हे विचारायलाच हवं. मी नवऱ्याला सांगेन की आधी गाडीखाली आडवा हो, मग चेकबुक काढ.

हडसनकाठी

बाणेरची_बाई, मुद्दा बरोबर, पण थोडं जपून. जॅग्वार कार्स न्यूयॉर्क ही आयातदार कंपनी होती, तिच्याकडून गाड्या बऱ्याच राज्यांतल्या डीलरांकडे जायच्या. पश्चिम किनाऱ्यासाठी लॉस एंजेलिसला हॉर्नबर्ग हे मोठं वितरक नाव होतं. प्रमाणपत्रावर हॉर्नबर्ग असतं तर कॅलिफोर्नियाच्या दाव्याला बळ आलं असतं. न्यूयॉर्क आहे म्हणजे दावा खोटा ठरत नाही, फक्त 'जन्मापासून' हा शब्द आता विकणाऱ्याने सिद्ध करायचा. जुनी अमेरिकन टायटलं (मालकीचे कागद), सर्व्हिसची बिलं, काहीही. मी इथे न्यू जर्सीत राहतो, इथल्या साठ वर्षांच्या गाडीचे तळपत्रे पाहिलेत. नको.

स्पॅनरमास्तर

आलो. आता मुख्य काम, आणि हे विकणाऱ्याच्या दारात उभं राहून करायचं आहे.

प्रमाणपत्र खिशात ठेवा. बघू नका. आधी गाडीवरचे सगळे नंबर स्वतः वाचून लिहून काढा, मगच कागदाशी ताडा. कागद हातात धरून वाचलं की अस्पष्ट ३ आपोआप ८ दिसायला लागतो, हवा तसा.

बॉनेट उघडा. चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स या चारही नंबरांची पट्टी इंजिनाच्या कप्प्यात असते. तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. नव्या कोऱ्या पट्ट्या बाजारात मिळतात, हवे ते आकडे ठोकून घ्या. पट्टीचे स्क्रू किंवा रिव्हेट नवे दिसले तर जास्तच सावध.

इंजिनाचा नंबर ब्लॉकवर, उजव्या बाजूला, ऑइल फिल्टरच्या वर पंच केलेला असतो. तोच नंबर सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकालाही असतो. दोन्ही बघा. हेड बदललेली इंजिनं भरपूर आहेत. अॅल्युमिनियमचं हेड, पाण्याने खाल्लं, भेग पडली, दुसरं बसवलं. ब्लॉक खरा आणि हेड परकं असेल तर मी तरी गाडी सोडणार नाही, पण 'मॅचिंग' या शब्दाची किंमत उतरवणार.

शेवटचा -९ म्हणजे ९ ला १ कॉम्प्रेशन, सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते. -८ सुद्धा असतात.

गिअरबॉक्सचा नंबर केसिंगच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात आणि वरच्या झाकणावर. आरसा आणि टॉर्च लागेल. आधीच्या ३.८ लिटरच्या गाड्यांना ईबीचे जुने मॉस गिअरबॉक्स होते, पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर खडखडाट न होता पडावा म्हणूनची सोय) नसलेले. ४.२ला ईजेचे, चारही गिअर सिंक्रोचे. कुणी ३.८ गाडीत ईजे बसवलेला असतो, चालवायला सुखाचा म्हणून. वही लगेच सांगते.

आणि आता चासी नंबर. तो पुढे उजवीकडे, डॅम्परच्या (शॉक अॅब्सॉर्बरच्या) माउंटिंगच्या वर पंच केलेला असतो. त्या चौकटीला सगळे पिक्चर फ्रेम म्हणतात. गंमत ही की ई-टाइपची मधली बॉडी मोनोकॉक (वेगळी चासी नसलेला एकसंध सांगाडा), पण पुढची सगळी चौकट चौकोनी नळ्यांची आणि बोल्टने जोडलेली. म्हणजे ज्या तुकड्यावर गाडीची ओळख पंच केली आहे तो तुकडाच सोडवता येतो! अपघातात किंवा गंजाने चौकट गेली तर नवी बसवतात, आणि नवी येते ती कोरी, बिननंबरी. मग नंबर कोणी, कधी, कोणत्या पंचाने मारला? प्रामाणिक माणसाकडे त्याचं बिल आणि जुन्या चौकटीचा फोटो असतो. दुसऱ्या प्रकारच्या माणसाकडे फक्त जुनी चौकट असते, आणि तिच्याभोवती तो अख्खी दुसरी गाडी उभी करतो.

घासू नका हं. मळ रॉकेलने किंवा थिनरने पुसायचा, पॉलिश पेपर लावायचा नाही. आकड्यांभोवतीचा धातू आजूबाजूपेक्षा खोल किंवा गुळगुळीत वाटला तर तिथे ग्राइंडर फिरला आहे.

खोडसाळ

म्हणजे पत्रिका जुळवणंच झालं हे. छत्तीसपैकी किती जुळले की होकार द्यायचा, मास्तर?

स्पॅनरमास्तर

इथे मंगळ असला तरी चालतो, पण आधी सांगितलेला हवा.

एबिंग्डनचा_भाचा

मी एमजीबीवाला (एमजी कंपनीची छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी), गरीब नातेवाईक. :) आमच्या प्रमाणपत्रांची जातकुळी वेगळी आहे, म्हणून लिहितो. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून एमजीबीचं जे मिळतं त्यात कारखान्यातच बसवलेल्या जादा गोष्टीही लिहिलेल्या असतात: ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन हळू फिरवणारा जादा गिअर), तारांची चाकं, आणि हो, हीटरसुद्धा. सुरुवातीच्या एमजीबीला हीटर वेगळे पैसे देऊन घ्यावा लागायचा, इंग्लंडात! त्यामुळे 'माझी गाडी ओव्हरड्राइव्हसकट आली' हा दावा एका कागदाने मिटतो.

जॅग्वारच्या वहीत ओळख, रंग आणि रवानगी असते, असल्या जादा वस्तू सहसा नसतात. ई-टाइपला रंगवलेली तारांची चाकं साधी यायची, क्रोमची जादा पैशांत. तुमच्या गाडीला क्रोम असतील तर ती मूळची की नंतरची हे प्रमाणपत्र विचारून उपयोग नाही. तिथे जुनं बिल किंवा जुना फोटोच.

एमजीबीतही एक खड्डा आहे. ऑस्ट्रेलियात सुट्या भागांच्या पेट्या जाऊन तिकडे जोडलेल्या एमजीबी आहेत. ब्रिटिश नोंद त्या पेट्यांपाशी थांबते. पुढे रंग कोणता मारला ते तिकडच्यांना ठाऊक.

स्टुटगार्टनिवासी

जर्मन लोकांचं तुम्हाला माहीतच आहे. मर्सिडीजच्या पॅगोडाला (त्यांची साठच्या दशकातली स्पोर्ट्स गाडी) डेटा कार्ड असतं: इंजिन, गिअरबॉक्स, रंगाचा कोड, आणि प्रत्येक जादा वस्तूचा कोड. ०५० दिसला की पांढरी. माझ्या परिचितांकडे 'मूळ चंदेरी' म्हणून घेतलेली एक आहे, कार्डावर ०५०. ते कार्ड आता ते कुणाला दाखवत नाहीत. पोर्शवाल्यांकडे कार्डेक्स नावाचं नोंदपत्र, त्यावर पहिल्या मालकाच्या आणि वॉरंटीच्या नोंदीही सापडतात.

तरीही कागद कितीही भरगच्च असो, स्पॅनरमास्तर म्हणतात तेच. मर्सिडीजचा कोड बरोबर आणि गाडी चुकीची, असंही पाहिलं आहे.

स्पॅनरमास्तर

रंग. मूळ रंग शोधायला बाहेरचा पत्रा खरवडायची गरज नाही. रंगारी जिथे पोचत नाही तिथे बघा. डॅशबोर्डच्या मागे, मागच्या दिव्याची काच काढली की आत, मागच्या दरवाजाच्या बिजागऱ्यांपाशी, डिकीच्या फळ्यांखाली, अस्तराच्या कडेखाली. गाडी पूर्ण मोकळी करून रंगवलेली नसेल तर कुठेतरी सिल्व्हर ग्रे डोकावेलच. चामड्याचंही तसंच. वरून काळं केलेलं असेल तर सीटच्या खालच्या घडीत लाल दिसतं.

कारमेन रेड हा त्या काळातला जॅग्वारचाच रंग आहे, त्यामुळे 'मूळ लाल' म्हणणाऱ्याला तो खरा वाटला असेल. लाल गाडी लवकर विकली जाते, म्हणून कितीक करड्या गाड्या लाल झाल्या. माझं वैयक्तिक मत विचाराल तर ओपलेसंट सिल्व्हर ग्रे आणि आत लाल चामडं हे ई-टाइपवर शोभणारं सर्वात देखणं जोडकाम आहे, आणि ते लाल रंगाखाली गाडणाऱ्याला पाप लागेल.

नोंदीपलीकडे गाडीच बोलते ते वेगळं. ल्यूकसच्या मोटरी, डिस्ट्रिब्युटर यांवर महिना-वर्षाचे ठसे असतात. ट्रिपलेक्सच्या काचांवर चिन्हाभोवती बारीक ठिपके असतात, त्यांतून तिमाही आणि वर्ष निघतं. गाडी १९६६च्या वसंतातली असेल तर सुट्या भागांच्या तारखा तिच्या जरा आधीच्या हव्यात. नंतरची तारीख म्हणजे बदललेला भाग, एवढंच, गुन्हा नव्हे. पण सगळ्याच तारखा १९६८च्या निघाल्या तर मात्र खुर्ची ओढून बसा आणि विचार करा.

१९६८ वरून आठवलं. अमेरिकेच्या नियमांमुळे १९६७-६८च्या सुमारास हेडलाइटवरच्या काचा गेल्या, आणि तिकडच्या गाड्यांना तीन एसयूऐवजी दोन स्ट्रॉम्बर्ग कार्ब्युरेटर आले. त्यांना लोक सिरीज दीड म्हणतात, कारखान्याने कधी म्हटलं नाही. काचा आणि एसयू बसवून त्यांना सिरीज १ म्हणून खपवणारे आहेत. नंबर आणि वही हाच त्यावर इलाज. तसंच २+२चं (मागे दोन छोट्या सीट असलेली ई-टाइप): नंबराच्या शेवटी बीडब्ल्यू असेल तर ती बोर्ग-वॉर्नर ऑटोमॅटिक म्हणून जन्मली, आता हातात गिअरचा दांडा असला तरी.

पार्ल्याचा_विन्टेज

भारतातल्या वाचकांसाठी. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात ठेवलेली आणि मोठा फेरबदल न झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए हे अक्षर येतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००. रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही.

'मूळ स्वरूप' दाखवायचं कशावरून? घरातल्या जुन्या आरसी बुकात कारकुनाच्या अक्षरात '७' चा '१' झालेला असतो, इंजिन नंबराच्या रकान्यात चासी नंबर असतो. आमच्याच घराण्यातल्या एका गाडीच्या पुस्तकात रंग 'निळसर' एवढाच. अशा वेळी कारखान्याच्या नोंदीची प्रत फाइलला लावली की समितीपुढे बोलायला तोंड राहतं.

कायदेकानू

इंग्लंडातली एक विनोदी बाब. डीव्हीएलए या सरकारी वाहननोंदणी खात्याने फेरबदल केलेल्या गाड्यांसाठी बरीच वर्षं जी गुणपद्धत वापरली तीत चासी किंवा मोनोकॉकला ५, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, आणि इंजिनाला फक्त १ गुण. जुना नोंदणी क्रमांक टिकवायला ८ लागायचे. म्हणजे ज्या इंजिन नंबरावरून इथे माना मोडतायत त्याला सरकारदरबारी सर्वात कमी भाव होता!

खोडसाळ

सरकारला गाडी विकायची नसते, म्हणून.

हडसनकाठी

वहीतल्या नंबरांचं मोल किती, याचं सर्वात महागडं उदाहरण राहिलंच. रेसिंगसाठी हलक्या ई-टाइप बनवायच्या म्हणून जॅग्वारने १८ नंबर राखून ठेवले होते. १९६३-६४मध्ये प्रत्यक्षात १२ झाल्या, ६ नंबर कोरे राहिले. २०१४ साली कंपनीने त्याच सहा नंबरांवर नव्याने गाड्या बांधायचं जाहीर केलं. तोवर जॅग्वार टाटांची झाली होती, २००८ पासून. म्हणजे पन्नास वर्षं रिकाम्या पडलेल्या ओळी शेवटी बॉम्बे हाउसच्या अमदानीत भरल्या.

बाणेरची_बाई

मग त्या खऱ्या की खोट्या?

हडसनकाठी

खऱ्या कंपनीच्या, खऱ्या नंबरच्या, २१व्या शतकातल्या गाड्या. मला त्यात अडचण वाटत नाही, कारण कंपनीने काही लपवलं नाही. माझ्या लेखी लपवाछपवी हीच एकमेव कसोटी.

स्पॅनरमास्तर

मला वाटते अडचण. कारखान्याने नंबर राखला याचा अर्थ गाडी जन्मली असा नाही. पण तो वेगळा धागा काढा, इथे मिडलँडकरांचं लग्न ठरतंय.

मिडलँडकर

मंडळी, जाऊन आलो. मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे कागद गाडीतच ठेवला आणि आधी नंबर उतरवले. विकणारा सुरुवातीला वैतागला, नंतर स्वतःच टॉर्च धरून उभा राहिला.

ब्लॉकचा नंबर वहीशी जुळतो, ठसा स्वच्छ, आसपास घासल्याच्या खुणा नाहीत. हेडवर दुसराच नंबर आहे, तोही ७ई मालिकेतलाच. गिअरबॉक्स जुळतो. पट्टी नवी आहे, हे त्याने लगेच मान्य केलं, रंगकामाच्या वेळी जुनी हरवली म्हणाला.

पिक्चर फ्रेम बदललेली आहे. पण इथे त्याने फाइल काढली: चौकट बदलल्याचं जुनं गॅरेजचं बिल, आणि जुन्या चौकटीवरच्या नंबराचा फोटो. फोटोतला नंबर आणि वहीतला एकच. जुन्या चौकटीचं काय झालं विचारलं तर ती कापून भंगारात दिली असं बिलातच लिहिलंय.

मागच्या दिव्याच्या आत करडा रंग सापडला. सीट काळ्या केल्यात, घडीत लाल आहे. तळाचे पत्रे दोन ठिकाणी नव्याने लावलेत, नीट लावलेत. कॅलिफोर्नियाची कागदपत्रं १९८० नंतरची आहेत, त्याआधीचं काही नाही.

हडसनकाठी

म्हणजे पहिली साधारण चौदा वर्षं अंधारात. तळपत्र्यांचं कारण तिथेच असावं. फाइल असलेला विक्रेता मिळाला हे मात्र नशीब.

पार्ल्याचा_विन्टेज

प्रमाणपत्र झेरॉक्स आहे म्हणालात. मूळ प्रत त्याच्याकडे आहे का? नसेल तर व्यवहाराआधी त्याला ट्रस्टकडे नव्याने अर्ज करायला लावा. ते मालकीचा पुरावा मागतात, त्यामुळे तुमच्यापेक्षा त्याने करणं सोपं. झेरॉक्सवरचा एक आकडा बदलायला ब्लेड पुरतं.

मिडलँडकर

अर्ज केलाय त्याने. नवीन प्रत आली, सगळं तेच आहे, फरक नाही. जाहिरातही बदलली: १९६६, मूळची करडी, मूळची डावी, ब्लॉक आणि गिअरबॉक्स मूळचे, हेड बदललेलं, पुढची चौकट बदललेली. किंमत खाली आली. किती ते विचारू नका, घरी हा धागा वाचला जातो.

घेतली. रंग तूर्त लालच ठेवतोय, कारण रंगकाम चांगलं आहे आणि पैसे आधी ब्रेकवर जाणार. मागचे डिस्क आत डिफरन्शियलला चिकटून असल्याने हात घालायलाच अर्धा दिवस जातो. सीट मात्र लाल करणार.

स्पॅनरमास्तर

अभिनंदन! पाप अर्धं फिटलं. एक विचारायचं राहिलं, त्या परक्या हेडवरचा नंबर -८ ने संपतो की -९ ने?

मिडलँडकर

-८. काही बिघडतं का?

स्पॅनरमास्तर

नाही. या इंजिनात कॉम्प्रेशन पिस्टनच्या डोक्यावर ठरतं, हेडवर नाही. आतले पिस्टन अजून ९चेच असतील तर गाडी ९चीच. कधी इंजिन उघडलंत तर पिस्टन बघून घ्या आणि फोटो त्याच फाइलला लावा.